पहिली डॉक्युमेंटरी, तीही आपल्याच गावात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विदर्भातल्या गावांतून येतात. कॉलेजातली पोरं विचारतात, जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विचारतात, लग्नाचं शूटिंग करणारे भाऊ विचारतात, कधी एखाद्या आशाताईही. उत्तरं माझी आहेत, म्हणजे त्यांत माझी मतं आलीच. पटलं नाही तर सोडा आणि तुमच्या पद्धतीनं करून पाहा.

आमच्या गावात डॉक्युमेंटरी करण्यासारखं काहीच घडत नाही. विषय कुठून आणू?

घडतं, पण रोजचं झालं की दिसेनासं होतं. शिवाय बहुतेक जण विषय निवडतात आणि तिथेच थांबतात. ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव), ‘झाडीपट्टी नाटक’ (पूर्व विदर्भातलं), ‘संत्र्याची शेती’ हे नुसते विषय झाले, त्यांची माहिती एखाद्या पुस्तिकेतही मावते. फिल्मसाठी काहीतरी व्हावं लागतं, ते होताना कॅमेरा तिथे असावा लागतो, आणि शेवट काय होणार हे पहिल्या दिवशी तुम्हालाही ठाऊक नसलेलं बरं.

झाडीपट्टीचंच घ्या. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. कलाकारांच्या मुलाखती, रंग लावतानाचे चेहरे, पडद्यामागची धावपळ हे पुष्कळांनी टिपलंय. तुम्ही नाटक आणणाऱ्या गावाकडे वळून बघा. गावातलं मंडळ कंपनीशी पैसे ठरवतं, मंडप टाकतं, तिकिटं छापतं. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की घराघरात पाहुणे, आणि त्यातच पोरापोरींची बघाबघी. रात्री तिकिटं खपतील का, खर्च निघेल का, तोटा आला तर कोणाच्या खिशातून जाईल? त्या मंडळाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या मागे आठ-पंधरा दिवस राहिलात तर गावातली सगळी नाती कॅमेऱ्यात येतात, मुद्दाम काही विचारावं लागत नाही.

तसंच तेंदूपत्त्याचं. वनहक्क कायदा २००६ साली आला, त्यानंतर गडचिरोलीतल्या बऱ्याच ग्रामसभा पानं स्वतः विकू लागल्या. मे महिन्यात अंधार असताना माणसं जंगलात जातात, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन देतात. हे दृश्य तर सुंदर आहेच. पण फिल्म बहुधा ठेकेदाराशी भाव ठरवायला ग्रामसभा बसते तिथे सापडेल, कारण तिथे लोकांना काहीतरी हवं आहे आणि ते मिळेलच याची खात्री नाही.

कल्पना एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि एखादी तारीख आहे का ते तपासा. नसेल तर अजून शोधा.

शेतकरी आत्महत्यांवर करायची आहे. करू का?

करू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी एक गोष्ट समजून घ्या. २००६ साली पंतप्रधान इथे येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, आणि त्याच्या आगेमागे कॅमेऱ्यांची रांग लागली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा या जिल्ह्यांत अशी घरं आहेत जिथल्या बाईनं तेच प्रसंग, त्याच भिंतीपाशी, तोच हार घातलेला फोटो मागे ठेवून कितीतरी माणसांना सांगितलेत. तुम्ही आणखी एकदा विचाराल तर ती सांगेलही. पाहुण्याला परत पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून. त्याला संमती समजू नका.

या विषयाकडे जायचंच असेल तर मेलेल्या माणसाच्या दिवसाऐवजी जगणाऱ्या माणसांच्या वर्षाकडे जा. सातबाऱ्यावर नाव चढवायला ती तलाठ्याकडे किती खेपा घालते, दिराशी वावराचं काय ठरलं, यंदा पऱ्हाटी (कापूस) लावायची की तूर हे ती कोणाला विचारते. मृत्यूचा प्रसंग तिनं स्वतःहून सांगितला तर ऐका. न सांगितला तर तुमच्या फिल्ममध्ये तो नसला तरी चालतं. रडू आलं की कॅमेरा बंद करायचा का, असं पोरं विचारतात. माझं म्हणणं, कॅमेरा खाली घ्या, पाणी द्या, आणि चित्रण ठेवायचं की पुसायचं हे नंतर तिलाच विचारा.

वाघ आणि नक्षलवाद या दोन विषयांनाही थोड्याफार फरकानं हेच लागू पडतं. बाहेरच्यांना विदर्भ म्हटलं की हीच तीन चित्रं दिसतात. तुम्ही इथलेच आहात, तुमच्याकडे चौथं, पाचवं, दहावं असायला हवं.

नियोजन कशापासून सुरू करायचं? आधी स्क्रिप्ट लिहायची का?

संवादांसकट स्क्रिप्ट नको. दोन पानं लिहा: कोण, कुठे, काय होण्याची शक्यता आहे, आणि तुम्ही ते कुठे उभं राहून बघणार आहात. जे व्हावं असं वाटतं ते झालं नाही तर काय कराल, हेही लिहून ठेवा.

मग कॅलेंडर काढा, कालनिर्णय चालेल. आपल्याकडे शूटिंगचं वेळापत्रक शेत ठरवतं. कापसाची वेचणी दिवाळीच्या मागेपुढे सुरू होते आणि पुढे दोन-तीन महिने चालते. पूर्वेकडे धानाची रोवणी जुलै-ऑगस्टात, कापणी नोव्हेंबरात. पोळा श्रावण अमावास्येला, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात आणि तीही पहाटे. नऊ वाजता आरामात पोचलात तर भरलेली टोपली घेऊन घरी परतणारी माणसंसुद्धा भेटणार नाहीत. एखादा हंगाम हुकला की थेट वर्षभर थांबावं लागतं, म्हणून ज्या गोष्टी वर्षातून एकदाच होतात त्या आधी लाल पेनानं मांडा आणि बाकीचं त्यांच्याभोवती बसवा.

मे महिन्यात दुपारी शूटिंग ठेवू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, मोबाइल तापून स्वतःच बंद पडतो, आणि तुम्ही फार वेगळे नसता. तसाही त्या वेळचा उजेड चेहऱ्यावर वाईट पडतो.

आणि शूटिंगच्या आधी कॅमेरा न घेता जा, नुसते बसा, चहा घ्या. पहिल्याच दिवशी बॅगेतून ट्रायपॉड निघाला की गावाच्या लेखी तुम्ही चॅनलवाले झालात, आणि ते नाव एकदा चिकटलं की सहजी जात नाही.

कॅमेरा कोणता घेऊ?

हातात आहे तो. गेल्या काही वर्षांतला बरा मोबाइल पहिल्या फिल्मला पुरतो. एक सेटिंग मात्र लगेच बदला: सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल ३० फ्रेमवर राहिला तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्बच्या उजेडात चित्र लपलपतं, आणि ते नंतर सुधारणं महाकठीण. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ती देणारी ॲप आहेत. लेन्स पुसायला सुती कापड खिशात ठेवा, कापसाच्या आणि धानाच्या हंगामात धूळ फार.

मग पैसे कशावर खर्च करू?

माइकवर. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, पण आवाज कळला नाही की उठून जातात.

गावातला आवाज हा वेगळाच विषय आहे. दुपार शांत वाटते म्हणून तुम्ही मुलाखत सुरू करता आणि घरी येऊन ऐकता तर मागे चक्की, त्यामागे मोटारपंप, त्यात पत्र्यावर माकडं, आणि लांब कुठल्यातरी वास्तुपूजेचा भोंगा. बसण्याआधी डोळे मिटून मिनिटभर ऐका. पंखा बंद करायची परवानगी मागा, फ्रीज असेल तर तोही, आणि जाताना आठवणीनं चालू करून द्या. प्लास्टिकची खुर्ची करकरते, त्यापेक्षा ओटा किंवा बाज बरी.

कॉलर माइक साडीच्या पदराखाली लावला की मंगळसूत्राचे मणी त्यावर घासत राहतात. थोडा वर, खांद्याच्या शिवणीकडे लावा. माइक लावायचं काम घरातल्या दुसऱ्या बाईला किंवा मुलीला सांगा, ते बरं दिसतं आणि बोलणारीही मोकळी राहते. काचेच्या बांगड्या वाजतात. त्या काढायला सांगू नका, त्या वाजण्यात ती बाई आहे. फक्त हात हलवत सांगितलेली महत्त्वाची गोष्ट थोड्या वेळानं पुन्हा एकदा विचारून घ्या.

प्रत्येक जागेचा नुसता आवाज, कोणी न बोलता, अर्धा-एक मिनिट भरून ठेवा. एडिटिंगला बसाल तेव्हा दोन वाक्यांमधला सांधा यानंच बुजतो.

लोक कॅमेऱ्यासमोर ताठ होतात. नवी साडी नेसून खुर्चीत बसतात आणि ‘काय बोलू?’ विचारतात.

मग तोही एक शॉट घ्या. तो त्यांचा कॅमेऱ्याकडे बघण्याचा मान आहे, त्याला हसू नका.

त्यानंतर त्यांना कामाला लागू द्या. भाकरी थापताना, टोपली विणताना, बैलाच्या खुराला काही झालं ते बघताना माणूस बोलतो, कारण हात गुंतलेले असतात आणि डोळ्यांना कुठे बघावं हा प्रश्न पडत नाही. ‘तुम्हाला कसं वाटलं?’ हा टीव्हीचा प्रश्न, त्याला ‘चांगलं वाटलं’ हेच उत्तर येतं. ‘त्या दिवशी सकाळी उठून आधी काय केलं?’ असं विचारा. उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. ‘हो का’ म्हणून थांबा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येते.

पोरांचा घोळका जमणारच. पहिल्या दिवशी त्यांना कॅमेरा हातात द्या, एकमेकांना टिपू द्या. उत्सुकता लवकर जिरते. सरपंच किंवा पोलीस पाटील शेजारी येऊन उभे राहिले तर काय? त्यांची वेगळी मुलाखत घ्या, मानानं आणि सावकाश. ती फिल्ममध्ये राहीलच असं नाही, पण त्यानंतर ते दुसऱ्यांच्या अंगणात उभे राहत नाहीत.

ज्यांचं शूटिंग करतो त्यांना पैसे द्यावेत का?

यावर भांडणं होतात. माझं मत असं: कोणी काय बोलावं यासाठी पैसे कधीच नाही. पण मजुरी करणाऱ्या बाईला तुम्ही अर्धा दिवस वावरातून बाजूला बसवलंत, तर तिची तेवढी मजुरी बुडाली आणि ती तुम्ही भरून द्यायला हवी, तीही सगळ्यांसमोर, कशाचे पैसे ते सांगून. वेचाई किलोवर असते. सायंकाळी काट्यावर तिचं ओझं हलकं भरतं ते तुमच्यामुळे. त्यापेक्षा तिचं काम न थांबवता चित्रण करा, हे दोघांनाही सोपं.

माझी स्वतःची शैली कशी सापडेल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा रंग, ड्रोन आणि स्लो मोशन असतं. ते नंतर बघू.

आपल्याकडे डॉक्युमेंटरी म्हटलं की एक भारदस्त आवाज कानात येतो. त्याला कारण आहे. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन ही माहितीपट काढणारी सरकारी संस्था सुरू झाली, तिच्या फिल्म थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवणं सक्तीचं होतं, आणि चित्रापेक्षा निवेदन पुढे चालायचं ही सवय पिढ्यान्‌पिढ्या रुजली. आजही पोरं पहिली फिल्म करतात तेव्हा ‘विदर्भाच्या कुशीत वसलेलं हे छोटंसं गाव...’ असं आपोआप लिहून जातात. १९६० च्या आसपास हलके कॅमेरे आणि चित्राबरोबरच आवाज पकडणारी यंत्रं आली, तेव्हा जगभर काही जणांनी निवेदन टाकून दिलं आणि माणसांच्या मागे चालत राहिले. दोन्ही रस्ते आजही चालू आहेत. तुमचा कोणता, हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

एक सराव सांगतो. वेचणी चालू असलेल्या वावरात जा आणि तेच काम तीन प्रकारे टिपा. आधी धुऱ्यावर (बांधावर) ट्रायपॉड लावून उभे राहा, लांबून, कॅमेरा न हलवता, एका तासाच्या पट्ट्यात मोजकेच लांब शॉट. मग ओळीत शिरा, पऱ्हाटीच्या उंचीवर बसा, हातांच्या इतकं जवळ की वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला कशी ओरखडतात आणि तरी बोटं न बघता कापूस कसा ओढून काढतात ते दिसावं. कमरेला बांधलेल्या ओटीत तो दाबून भरल्याचा आवाजही घ्या. तिसऱ्यांदा कॅमेरा चालू ठेवून बोला, प्रश्न विचारा, त्या तुमची मस्करी करतील ती येऊ द्या: ‘तू बी वेच ना बाप्पा दोन ओळी, निस्ता पायून रायला!’

रात्री तिन्ही बघा. कुठल्या चित्रणात तुम्ही स्वतः रमलात, कुठलं पुढे ढकलावंसं वाटलं? चांगलं दिसतं कोणतं हे आत्ता विचारू नका. लांबून बघणं तुम्हाला जमतं की जवळ जाणं, गप्प राहणं की बोलणं, वाट बघणं की मागे धावणं, या निवडी तुम्ही पुन्हा पुन्हा एकाच बाजूनं करत असाल तर तीच तुमची शैली. ती तुमच्यात आधीपासून असते, फक्त दुसऱ्यांच्या फिल्म बघून आलेल्या सवयींखाली झाकलेली.

याची आणखी एक बाजू आहे, आणि शहरातल्या कार्यशाळांत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गावात तुम्ही कोण आहात? त्या वावराच्या मालकाचा मुलगा धुऱ्यावर कॅमेरा घेऊन उभा राहिला तर बाया एक बोलतील. त्याच बायांपैकी एकीची मुलगी कॅमेरा घेऊन आली तर दुसरं बोलतील. कोणत्या मोहल्ल्यातले, कोणत्या जातीचे, कोणाच्या पार्टीचे हे गावाला तुमच्या आधी ठाऊक असतं. ते लपवता येत नाही, तेव्हा वापरा. मालकाचा मुलगा असाल तर वेचणाऱ्यांच्या वतीनं बोलण्याचा आव आणण्यापेक्षा तुमच्या घरातला काटा, वही आणि संध्याकाळचा हिशेब टिपा. तिथे तुम्हाला जे दिसतं ते दुसऱ्या कोणालाच दिसणार नाही. मुलीनं आईच्या शेजारच्या ओळीतून टिपावं. दोन्ही फिल्म एकाच वावराच्या असतील आणि एकमेकींसारख्या मुळीच दिसणार नाहीत.

शेवटी एखादा नियम घालून घ्या: या फिल्ममध्ये मुलाखत नाही, किंवा कॅमेरा घराबाहेर पडणार नाही, किंवा संगीत नाही. नियमामुळे रोजचे निर्णय सोपे होतात. फार अडला तर मोडा, पण का मोडला ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. ड्रोनचं म्हणाल तर वरून सगळीच गावं सारखी दिसतात.

माणसं वऱ्हाडीत, झाडीबोलीत किंवा गोंडीत बोलतात. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना कळेल का?

सबटायटल द्या, कळेल. कोणालाही ‘जरा शुद्ध बोला’ म्हणू नका. तसं सांगितल्यावर माणूस भाषणच करतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळकडे कोलामी. तिथे दुभाष्या घेतलात तर तो गावातला कोण आहे हे बघून घ्या. ठेकेदाराचा माणूस भाषांतर करत असेल तर ठेकेदाराबद्दलचं उत्तर छोटंच येणार. सबटायटलचं मराठी मात्र साधं ठेवा. ‘मले का माईत’ खाली ‘मला याबाबत माहिती नाही’ असं लिहिलंत तर त्या माणसाची मजाच गेली.

परवानग्या कोणत्या लागतात?

माणसांची आधी. संमती कागदावर घ्या, पण तो वाचून दाखवा, आणि कॅमेऱ्यावर तोंडीही घ्या: कशासाठी, कुठे दाखवणार, नको असेल तर कधीपर्यंत सांगता येईल. लहान मुलांसाठी आई-वडिलांची. अत्याचार झालेल्या मुलामुलींची ओळख कळेल असं काहीही दाखवणं कायद्यानं गुन्हा आहे, चेहरा पुसट करून गावाचं नाव दिलं तरी ओळख पटतेच.

शाळा, दवाखाना, बाजार समिती इथे प्रमुखांना पत्र द्या आणि पोच घ्या. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा अशा संरक्षित जंगलात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय शूटिंग नको. त्याला वेळ लागतो, महिने आधी अर्ज करा. ड्रोन उडवणारच असाल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा आणि ‘डिजिटल स्काय’ या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर तुमचा भाग बघून घ्या.

फुटेज किती होईल आणि ठेवायचं कसं?

सेकंदाला १०० मेगाबिटवर फोर-के टिपलंत तर तासाला ४५ जीबी. म्हणून फुल एचडी पुरे, निम्म्याहून कमी जागेत काम होतं आणि जुना लॅपटॉपही रडत नाही. रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, दोन्ही एकाच बॅगेत ठेवू नका, आणि दोन्हीकडे फाइल उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. लाइट जाणार हे धरून चाला.

एडिटिंग?

दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. त्याआधी सगळ्या मुलाखती वहीत उतरवा आणि आधी कागदावर फिल्म जुळवा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा उपाय नाही.

फिल्म किती मिनिटांची असावी?

पहिली पंधरा-वीस.

झाल्यावर कुठे दाखवू? सेन्सॉर लागतं का?

थिएटरात जाहीर प्रदर्शन करायचं तर सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. यूट्यूबला लागत नाही. महोत्सवांना सहसा वेगळी सूट घेतलेली असते, त्यांच्या नियमावलीत ते पाहा. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो आणि तो डॉक्युमेंटरी, लघुपट आणि ॲनिमेशनचाच आहे, तिकडे लक्ष ठेवा. केरळातही दरवर्षी डॉक्युमेंटरी आणि लघुपटांचा मोठा महोत्सव होतो. यूट्यूबवर आधी टाकलेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत, तेव्हा घाई करू नका.

आणि गावात?

गावात दाखवाच, पण पहिल्यांदा चौकात नको. जे फिल्ममध्ये आहेत त्यांना त्यांच्या घरी बसवून दाखवा, कच्चं एडिट असतानाच. एखादं वाक्य काढ म्हणाले तर कारण ऐकून घ्या. बाहेरच्या प्रेक्षकाला निरुपद्रवी वाटणारं वाक्य गावात दोन भावांमध्ये कोर्टकचेरी लावू शकतं, आणि ते तुम्हाला नागपुरात बसून कळणार नाही. फिल्म कमकुवत होईल असं वाटलं तर बोला, पर्याय सुचवा. पण ती माणसं तिथेच राहणार आहेत, हे लक्षात ठेवून शेवटचा शब्द त्यांना द्या.

मग समाजमंदिरात किंवा शाळेच्या पटांगणात प्रोजेक्टर लावा. पांढरी चादर चालते, ताणून बांधा, कडेला सुरकुत्या आल्या तर चेहरे वाकडे दिसतात. स्पीकर लग्नवाल्यांकडून मिळतो, फक्त त्याचा बास कमी करून घ्या, नाहीतर बोलणं कळत नाही. पोळा, शारदा उत्सव, मंडई अशा दिवशी ठेवा, बाहेरगावी गेलेली पोरंही घरी असतात. पहिली दहा मिनिटं लोक ‘ते पाय, आपली गाय!’ असं ओरडत एकमेकांना ओळखण्यातच घालवणार, तेव्हा फिल्म दोनदा लावायची तयारी ठेवा.